स्टँडर्ड हेराल्डच्या क्लचमधली हवा घरच्या घरी कशी काढावी?

पर्वतीपायथा:
नमस्कार मंडळी. बाबांची स्टँडर्ड हेराल्ड आहे आमच्याकडे, दोन दारांची, ९४८ सीसीवाली, बाहेरून क्रीम रंग आणि आतून काय विचारू नका. पावसाळ्यात क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सपाशी बसून क्लच हलवणारा) गळायला लागला म्हणून त्यात नवीन रबर किट टाकून घेतलं. बसवणाऱ्याने बसवलं, पैसे घेतले आणि तेव्हापासून पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातंय. दोनतीनदा भराभर मारलं की गिअर पडतो, सिग्नलला थांबलो की परत मेलं. त्याच्याकडे गेलो तर म्हणे साहेब तुमचा मास्टर (पेडलपाशी दाब देणारा सिलिंडर) गेलाय, आख्खा बदला. पण मास्टर कुठे गळत नाहीये हो, पेडलच्या दांड्यावरून, कार्पेटखालून सगळीकडे हात फिरवून बघितला, कोरडा ठणठणीत.

बायको पेडलवर आणि मी निपलवर (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू), "दाब... धर... सोड" हा कार्यक्रम सोसायटीच्या पार्किंगमध्ये चिक्कार वेळा झालाय. बाटलीत बुडबुडे येतात, मग यायचे थांबतात, वाटतं चला सुटलो, आणि सकाळी जैसे थे. आता ती म्हणते मी काही परत येणार नाही, वॉचमनला बसवा. तर एकट्याने होईल अशी पद्धत आहे का? आणि मास्टर खरंच गेलाय की नाही हे न उघडता कळतं का?

मुलुंडचा_मुक्काम:
आधी फोटो टाका राव. हेराल्ड म्हणायचं आणि फोटो नाही, हे काय.
बाकी विषयातलं काही कळत नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनाट_बोल्ट:
पर्वतीपायथा, मास्टर वगैरे नंतर. पहिला प्रश्न, स्लेव्हवर निपल वर आहे का पाइप वर? किट टाकताना स्लेव्ह बाहेर काढला असणार. परत बसवताना निपल पाइपच्या खाली किंवा बरोबरीला आला तर तुम्ही वर्षभर पेडल मारलं तरी वरच्या कोपऱ्यातली हवा तिथेच बसते. ऑइल (म्हणजे ब्रेक फ्लुइडच) तिच्या खालून निघून जातं आणि बाटलीत स्वच्छ धार दिसते. धार स्वच्छ म्हणजे हवा संपली असा अर्थ नाही.

दुसरं, हेराल्डला खाली लोळायची गरज नाही. गिअरबॉक्सवरचं कव्हर केबिनच्या आतून निघतं, चटई आणि स्क्रू काढा, आख्खा गिअरबॉक्स मांडीवर. तिथे बसून कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि स्लेव्हचा दांडा किती पुढे जातो ते पट्टी लावून मोजा. हे मोजल्याशिवाय पुढे काहीही करू नका. लोक नुसतं ब्लीड करत, म्हणजे हवा काढत बसतात आणि दांडा हलतोय किती हे कोणीच बघत नाही. दांडा पूर्ण हलतोय आणि तरी गिअर खरखरतोय तर हवेचा काही संबंध नाही, क्लच प्लेट किंवा फोर्क (स्लेव्हचा दांडा ज्याला ढकलतो तो) बघा. दांडा कमी हलतोय तर मग हवा, रबर, नळी नाहीतर पेडलची पिन, या चारातलं काहीतरी.

आणि मास्टरचं, पेडल एकदाच दाबून धरून ठेवा. बाहेर गळत नसताना पाय धरलेला असूनही हळूहळू खाली जात असेल तर मास्टरचं आतलं रबर ऑइल पुढून मागे सोडतंय. जिथे थांबलं तिथेच स्पंजासारखं थांबत असेल आणि पंप केल्यावर वर येत असेल तर हवा. तुमच्या वर्णनावरून मला हवाच वाटतेय. मास्टरचे पैसे आत्ताच कुणाला देऊ नका.

रत्नांग्रीचा_आंबट:
एवढं सगळं कशाला. रात्री पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये बांबूचा तुकडा अडकवायचा आणि झोपायचं. सकाळी सोडलं की पेडल टाइट. आमच्या जीपला नेहमी हेच करतो.

जुनाट_बोल्ट:
आंबटराव, पेडल दाबलेलं असताना मास्टरमधून वरच्या ऑइलच्या टाकीकडे जायची वाट बंद असते. हवा रात्रभर जाणार कुठून?

रत्नांग्रीचा_आंबट:
ते मला माहीत नाही. पेडल टाइट होतं एवढं खरं. तुम्ही थिअरी मांडा, आम्ही गाडी चालवतो.

स्पॅनर_सुलभा:
दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. दाबून ठेवल्यावर वाट बंदच असते, पण दाबाखाली बुडबुडे आकसून बारीक होतात, पाइपच्या भिंतीला चिकटलेले सुटतात आणि रात्रभरात वर वर सरकत मास्टरच्या तोंडाशी जमतात. सकाळी पेडल सोडलं की वाट उघडते आणि ते टाकीत निघून जातात. म्हणून काम होतं सकाळी सोडताना, रात्री नाही. पण पाइप सगळीकडे वर चढता असेल तरच. मध्ये कुठे नळीला कुबड असेल तर बुडबुडा कुबडात अडकतो, मग बांबू लावा नाहीतर सागवान. शिवाय उरलीसुरली चिमूटभर हवा असेल तर ठीक, स्लेव्ह रिकामा करून भरलाय तिथे हा उपाय पुरत नाही.

आणखी एक, किट टाकणाऱ्याने सिलिंडर कशाने धुतला ते विचारा. आपल्याकडे सर्रास पेट्रोल नाहीतर रॉकेलमध्ये धुतात आणि तसंच रबर चढवतात. ही रबरं पेट्रोलने फुगतात. फुगलेलं रबर बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) अडखळतं, पिस्टन पूर्ण मागे येत नाही. धुवायचं ते ब्रेक फ्लुइडने किंवा स्पिरिटने, आणि रबर चढवताना बोटाने ब्रेक फ्लुइडच लावायचं, ग्रीस नाही.

कोव्हेंट्रीकर:
धागा वाचून राहवलं नाही. मूळ ट्रायम्फ हेराल्ड जिथे बनायची ती कॅनलीची फॅक्टरी आमच्या घरापासून फार लांब नव्हती, १९८० मध्ये तिथे गाड्या बनणं बंद झालं. माझ्याकडे एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे आणि क्लच ब्लीडिंगच्या बाबतीत तिच्याइतकी हट्टी गाडी शोधून सापडणार नाही. मास्टर वर, मग पाइप खाली, मग नळी, आणि पेडलच्या एका दाबात एवढं कमी ऑइल सरकतं की बुडबुडा थोडा खाली ढकलला जातो आणि पाय उचलेपर्यंत परत वर येऊन बसतो. तुमची सौ. आणि तुम्ही हेच करत होतात, बुडबुड्याला झोके देत होतात.

हवेला वर जायचंय तर तिला वरच जाऊ द्या, म्हणजे ऑइल खालून भरा. निपलमधून ऑइल आत ढकलायचं आणि हवा टाकीतून बाहेर काढायची. इथे एमजीबीवाले तर पुढच्या उजव्या ब्रेक कॅलिपरच्या निपलपासून क्लच स्लेव्हच्या निपलपर्यंत सरळ एक नळी जोडतात, दोन्ही निपल उघडतात आणि ब्रेकचं पेडल हळूहळू दाबतात. ब्रेकचा मास्टर मोठा, तो क्लचची आख्खी लाइन खालून भरून टाकतो. पाय उचलण्याआधी एक निपल बंद करायचा, नाहीतर सगळं परत खेचलं जातं. काम झकास होतं पण ब्रेकमधलं जुनं काळं ऑइल क्लचमध्ये जातं आणि ब्रेकची टाकी रिकामी झाली तर ब्रेकमध्ये हवा, म्हणजे चहा मागितला आणि जेवण वाढलं. म्हणून मी आता सिरिंजच वापरतो.

टायरच्या हवेवर चालणारं एक किटही मिळतं इकडे. टाकीला त्याचं झाकण बसवायचं आणि स्टेपनीची हवा २० पीएसआयच्या खाली आणून तिचा दाब द्यायचा. झाकण टाकीवर नीट बसलं नाही तर बॉनेटखाली कारंजं होतं आणि रंग गेला. जुन्या गाडीवर मी ते लावणार नाही.

पर्वतीपायथा:
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. टॉर्च मारून बघितलं बोल्टकाका, निपल आणि पाइप जवळजवळ एका रेषेत आहेत, निपल वर नाहीये. आणि कव्हर काढून दांडा मोजला, पहिल्या दाबाला जेमतेम ५ मिमी, पंप करून करून ११ च्या आसपास.

सिरिंजची पद्धत नीट सांगा ना कोणीतरी. कुठली सिरिंज, किती एमएल, किती जोर लावायचा? आणि ब्रेक फ्लुइड डॉट ३ टाकू की ४? दुकानदार म्हणतो काहीही टाका सगळं सारखंच.

स्पॅनर_सुलभा:
५ आणि ११. हवा आहे, विषय संपला.

फ्लुइडचं आधी. डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ग्लायकॉलवाले, एकमेकांत मिसळतात. फरक उकळबिंदूत आहे, डॉट ३ नवीन असताना किमान २०५ अंश आणि पाणी शोषलेलं असताना १४०, डॉट ४ चं २३० आणि १५५. क्लचला एवढी उष्णता लागत नाही, त्यामुळे तुम्हाला दोन्ही चालतील. मी डॉट ४ टाकेन कारण ब्रेकला तेच टाकते आणि घरात दोन बाटल्या नकोत. डॉट ५ ला मात्र हात लावू नका, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. ५.१ हे परत ग्लायकॉलवालंच आहे, आकडा बघून घाबरू नका. आणि सीलबंद छोटी बाटली आणा, पाव लिटर क्लचला पुरून उरतं. कपाटात अर्धी उघडी पडलेली बाटली नको, हे फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी सिलिंडरच्या बोअरला खड्डे पाडतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

आता कृती. केमिस्टकडून ५० एमएलची सिरिंज आणि मत्स्यटाकीच्या दुकानातून निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी. आधी टाकीतलं ऑइल दुसऱ्या सिरिंजने निम्म्यावर आणा, नाहीतर खालून भरलं की वरून सांडेल. टाकीभोवती ओलं फडकं गुंडाळा, हे फ्लुइड रंग सोलून काढतं आणि तुमचा क्रीम कलर बाबांच्या वेळचा असेल तर रडाल. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता, पाण्याने ते विरघळतं.

स्लेव्ह त्याच्या जागेवरून सोडवा, पाइप जोडलेलाच ठेवा. पिस्टन पूर्ण आत दाबून तारेने किंवा छोट्या सी क्लँपने बांधा, नाहीतर सिरिंजच्या दाबाने पिस्टन उडी मारून मांडीवर येतो. मग स्लेव्ह असा धरा की निपल सगळ्यात वर आणि पाइप खाली. अशा अवस्थेत आधी थोडं ऑइल वरून येऊ द्या, निपल उघडा आणि गुरुत्वाकर्षणाने टपटपू द्या, टाकीवर लक्ष ठेवा. म्हणजे स्लेव्हच्या कोपऱ्यातली हवा तिथूनच गेली, आणि किटवाल्याने काही घाण ठेवली असेल तर तीही बाहेर. घाण असताना खालून ढकललंत तर ती थेट मास्टरच्या झडपेत जाऊन बसेल.

मग सिरिंज भरा, नळीतही ऑइल भरलेलं पाहिजे, टोकाशी बुडबुडा दिसला तर परत भरा. निपलवर चढवा, अर्धा फेरा सैल करा आणि अगदी हळू ढकला. टाकीत बुडबुडे येताना दिसतील. ते थांबेपर्यंत ढकला, मध्ये सिरिंज भरायला काढाल तेव्हा आधी निपल बंद. बास. डोळ्याला चष्मा लावा, हे मजा म्हणून सांगत नाहीये. आणि सिरिंजच्या दट्ट्याचं रबर या फ्लुइडने फुगून अडकतं, पुढच्या वेळी तीच वापरता येणार नाही.

मुलुंडचा_मुक्काम:
वाचनखूण साठवली. माझ्याकडे गाडीच नाही तो भाग वेगळा.

नाना_फडताळ:
उलट ढकलण्यापेक्षा व्हॅक्यूम पंपाने निपलकडून ओढून का नाही घेत? मी मोटरसायकलच्या ब्रेकला तसंच करतो, हातपंप मिळतो छोटा.

जुनाट_बोल्ट:
नाना, ओढलं की निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत येते आणि नळीत बुडबुडे न थांबता दिसत राहतात. माणूस बाटल्याच्या बाटल्या ऑइल ओततो आणि हवा सिस्टीममध्ये नसतेच. आट्यांना टेफ्लॉन टेप लावली तर जमतं, टोकाच्या वर येऊ द्यायची नाही फक्त. मोटरसायकलला पाइप हातभर असतो, इथे प्रकार वेगळा.

पर्वतीपायथा:
सगळं सुलभाताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. स्लेव्ह सोडवला, बांधला, वर निपल, टपटप व्यवस्थित झालं, पहिल्यांदा चहासारखं मातकट निघालं मग स्वच्छ. पण सिरिंज चढवली आणि ढकलतोय तर ढकललीच जात नाहीये! अंगठा दुखायला लागला, नळी निपलवरून सुटून फवारा उडाला, वॉचमन बघतोय. निपल उघडाच आहे. वरून खाली येतंय तर खालून वर का जात नाही? आता खरंच मास्टर गेला का?

कोव्हेंट्रीकर:
थांबा, जोर लावू नका. टपटप नंतर बंद झाली होती का? म्हणजे मध्ये कोणी पेडलला हात लावला होता का?

पर्वतीपायथा:
हो, स्लेव्ह बांधल्यावर पिस्टन हलत नाही ना बघायला मीच पेडल थोडं दाबून सोडलं होतं. का?

कोव्हेंट्रीकर:
मग सापडलं बहुतेक. हेराल्डचा गर्लिंग कंपनीचा मास्टर, त्याच्या आत टोकाला एक छोटी झडप असते आणि पिस्टन पूर्णपणे, म्हणजे अगदी पूर्ण मागे आला तरच ती उघडते. पेडल पाव इंच जरी खाली राहिलं तरी टाकीची वाट बंद. खालून ढकललेलं ऑइल मग जाणार कुठे. पेडलची स्प्रिंग म्हातारी झाली असेल किंवा पेडलच्या बुशमध्ये (पेडल ज्यावर फिरतं त्या नळीत) गंज असेल तर पेडल वर आल्यासारखं दिसतं पण येत नाही. पेडल हाताने वर खेचून धरा आणि परत ढकलून बघा.

आणि हेच चालवतानाही होत असणार. वाट कधी नीट उघडतच नसेल तर गोळा झालेली हवा टाकीत जाणार कशी, सकाळी जैसे थे का होत होतं ते यातच आलं.

जुनाट_बोल्ट:
अगदी बरोबर बोललात साहेब. पुशरॉडला (पेडलपासून मास्टरमध्ये जाणारा दांडा) पेडल मोकळं असताना किंचित ढिलाई हवीच, बोटाने हलवलं तर टकटक झालं पाहिजे. ती नसेल तर झडप कायम अर्धी बंद.

पर्वतीपायथा:
मानलं!! पेडलला दोरी बांधून ती स्टिअरिंगला ताणून बांधली आणि सिरिंज अशी गेली की विश्वास बसेना. टाकीत आधी मोठे दोन फुगे, मग सोड्यासारखे बारीक, मग शांत. स्लेव्ह परत बसवला, यावेळी निपल वर. पेडलचं बुश काढलं तर गंजाने घट्ट झालं होतं, पॉलिश पेपर मारून ग्रीस लावलं, स्प्रिंग नवी टाकली. आता पेडल अर्ध्यातच जड लागतं आणि दांडा पहिल्या दाबाला ११ मिमी हलतोय.

पण एक आहे. चालू गाडीत पहिला गिअर टाकताना अजून खर्रकन आवाज येतो आणि उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना हलकासा.

जुनाट_बोल्ट:
चालू गाडीत पहिला ओरडणारच, त्या गिअरबॉक्सला पहिल्याला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून देणारा भाग) नाही. गाडी पूर्ण थांबवून टाका किंवा दुसऱ्यातून जा. खरी परीक्षा रिव्हर्सची. इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरी ओरडला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. लगेच टाकलात आणि ओरडला तर तो तुमच्या घाईचा दोष.

ओरडलाच तर पेडल आणि पुशरॉड जोडणारी पिन काढून बघा. इतक्या वर्षांत पिनला खाच पडते आणि पेडलचं भोक लांबट होतं. पेडलचा लिव्हर पाचास एक धरला तर पिनपाशी २ मिमी ढिलाई म्हणजे पायाशी १० मिमी फुकट, आणि स्लेव्हला तेवढं ऑइल कमी. हे कितीही ब्लीड करून येत नाही. स्लेव्हकडच्या फोर्कची पिन पण बघा, तिथेही तेच. आमच्याकडे उद्यमनगरात कुठलाही लेथवाला चहा पिऊन होईपर्यंत पिन करून देतो, पुण्यात भोसरीकडे बघा. भोक जास्तच गेलं असेल तर वेल्डिंगने भरून परत ड्रिल मारा.

पर्वतीपायथा:
पाच मोजून टाकला, तरी हलकं ओरडतं. पिन काढली, मध्ये कंबर झालीय तिची अक्षरशः. भोकंही बदामासारखी लांबट. उद्या नेतो.

रत्नांग्रीचा_आंबट:
आमच्याकडे आणखी एक भानगड होते ती लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहिली की क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. पेडल एकदम मस्त, दांडा पूर्ण हलतो, आणि गिअर काही केल्या पडत नाही. लोक हवा काढत बसतात. अशावेळी मागची चाकं स्टँडवर उचलून, चौथ्यात टाकून इंजिन चालू करायचं, क्लच दाबून धरायचा आणि ब्रेकचा हलका झटका द्यायचा. पुढच्या चाकांना ओंडके लावून, आणि समोर माणूस नको. सुटली तर सुटली, नाहीतर गिअरबॉक्स उतरवा. म्हणून पावसाळ्यात मी क्लच दाबून बांबू लावून ठेवतो, माझा बांबू असा दोन कामांचा आहे.

स्पॅनर_सुलभा:
हा बांबू मान्य. पण उचललेल्या गाडीखाली नुसत्या जॅकवर कोणी जाऊ नका, स्टँड म्हणजे स्टँड.

पर्वतीपायथा:
पिन नवी, भोकांत बुश मारून घेतले. दांडा आता १३ मिमी हलतो, रिव्हर्स गुपचूप पडतो. बाबांना मागे बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, त्यांचं म्हणणं पेडल पूर्वी याहून हलकं होतं. असो. मास्टर आहे तोच आहे. तरी एक किट घरात असावं म्हणतोय, हेराल्डचं कुठे मिळेल? नाना पेठेत दोनतीन दुकानांत विचारलं, नाव ऐकून हसले.

जुनाट_बोल्ट:
गाडी मद्रासची, १९६१ पासून तिकडेच बनली, सामान पण तिकडेच शोधा. चेन्नईच्या पुदुपेटला, जुन्या सामानाच्या बाजारात, कोणी ओळखीचं असेल तर जुना मास्टर फोटो काढून पाठवा, बोअरचा आकडा सिलिंडरच्या अंगावर उमटवलेला असतो तो फोटोत आला पाहिजे. गाडीचं नाव सांगून किट मागू नका, बोअर सांगून मागा. त्याच मापाची रबरं दुसऱ्या गाड्यांनाही लागतात.

नाना_फडताळ:
बोअरला खड्डे असतील तर नवीन किट टाकून उपयोग होतो का?

जुनाट_बोल्ट:
नाही. नख फिरवून बघायचं, नख अडकलं तर लेथवर बोअर मोठा करून स्टेनलेसची स्लीव्ह (आतलं नळकांडं) बसवून मूळ मापावर आणायचा. मास्टरची स्लीव्ह मारताना टाकीकडून येणारं भोक परत त्याच जागी पाडायला सांगा आणि त्याची आतली कड घासून घ्या, नाहीतर नवीन रबर कापलं जातं.

मुलुंडचा_मुक्काम:
फोटो अजून आला नाही.